माणसाचे स्वत्व मोजता येते का?

घरातला एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. आय.टी.आय.ला वायरमनच्या कोर्सला गेला, दोन महिन्यांत सोडून आला. मग पोल्ट्रीचे खूळ डोक्यात शिरले. शेडचा हिशेब वहीत मांडून झाला आणि पिल्ले आणण्याआधीच मन उतरले. पुढे एका बुवांच्या नादी लागला, गळ्यात माळ आली. चार महिन्यांनी माळ गेली आणि केस रंगवून आला. ज्याच्या संगतीत असेल त्याच्यासारखा बोलतो, त्याच्यासारखा हसतो. थोरल्या भावाला आज देव मानतो, उद्या त्याच्याच अंगावर धावून जातो. घरची माणसे म्हणतात, वारा येईल तशी पाठ फिरवणारा आहे. आणि एका रात्री तोच मुलगा आईजवळ बसून सांगतो, "आई, मला आत काहीच नसल्यासारखे वाटते गं. मी कोण आहे तेच कळत नाही."

वाचकहो, यातले बरेचसे वयाचे आहे. कोर्स सोडणारी आणि केस रंगवणारी मुले तुमच्या आळीतही असतील, आणि त्यांपैकी बहुतेक वेळेवर ताळ्यावर येतील. पण आईजवळ बोललेले ते वाक्य, आणि तशी अवस्था वर्षानुवर्षे टिकून राहणे, ही गोष्ट निराळी आहे. मनोविकारतज्ज्ञ जिला 'व्यक्तिमत्त्व विकार' म्हणतात त्यात ती मोडू शकते. हे वेड नव्हे. अशा माणसाची बुद्धी शाबूत असते, त्याला हिशेब येतो, बाजारातून तो रस्ता न चुकता घरी येतो. बिघाड असतो तो स्वतःकडे आणि दुसऱ्याकडे पाहण्याच्या घडणीत. स्वतःची अशी ओळख, ज्याला आपण स्वत्व म्हणू, ती पक्की झालेलीच नसते.

आता हे स्वत्व पक्के की कच्चे, आणि कच्चे असेल तर किती, ते मोजायचे कसे? ताप मोजायला थर्मामीटर आहे, रक्तातली साखर मोजायला पट्टी आहे. इथे तसे काही नाही. तरीही गेली साठ-सत्तर वर्षे शास्त्रज्ञ याच्या मागे आहेत आणि बऱ्यापैकी कामाच्या मोजपट्ट्या त्यांनी तयार केल्या आहेत. मी शेतीचा पदवीधर, डॉक्टर नव्हे; पण मोजमाप कुठे खरे ठरते आणि कुठे फसते, हे आम्हा शेती खात्यातल्या माणसांना रोज पाहावे लागते, म्हणून या विषयाला हात घालतो आहे. शिवाय जे मोजले जात नाही त्याला घरोघरी हवे ते नाव दिले जाते. कोणी नाटकी म्हणतो, कोणी बाहेरची बाधा सांगतो, आणि भावकीतला एखादा वडीलधारा हमखास म्हणतो, "लग्न करून द्या, आपोआप ठीक होईल." या शेवटच्या सल्ल्याने दुसऱ्या घरच्या लेकीचाही संसार पणाला लागतो.

हा शब्द आला कुठून?

स्वत्वाच्या प्रश्नाला मानसशास्त्रात मानाची जागा मिळवून दिली ती एरिक एरिक्सन यांनी. त्यांची स्वतःची कहाणीच ऐकण्यासारखी आहे. १९०२ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टला जन्म. आई डेन्मार्कची ज्यू, आणि जन्मदाता बाप कोण हे त्यांना आयुष्यभर कळले नाही. सावत्र वडील ज्यू डॉक्टर. मुलगा उंच, सोनेरी केसांचा, निळ्या डोळ्यांचा. ज्यू मुले त्याला परका म्हणून चिडवीत आणि शाळेतली जर्मन मुले ज्यू म्हणून. १९३३ साली ते अमेरिकेला गेले, १९३९ मध्ये तिथले नागरिक झाले आणि तेव्हा 'एरिक्सन' हे आडनाव त्यांनी स्वतःच घेतले. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना त्यांना दिसले की, काहींची बुद्धी शाबूत आहे, आठवण शाबूत आहे, पण कालचा मी आणि आजचा मी एकच, हा धागा तुटला आहे. त्या अवस्थेसाठी त्यांनी वापरलेला शब्द पुढे जगभर पसरला. (हेच एरिक्सन १९६२ साली अहमदाबादला आले आणि १९१८ च्या गिरणी संपातल्या गांधीजींवर त्यांनी ग्रंथ लिहिला, तो १९६९ साली निघाला.)

एरिक्सन यांनी विचार दिला, मोजपट्टी दिली नाही. ते काम १९६६ साली जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने सुरू केले. त्याने कॉलेजातल्या तरुणांच्या मुलाखती घेतल्या. व्यवसाय, धर्म आणि राजकारण या बाबतींत तू स्वतः शोध घेतलास का, आणि कशावर ठाम झालास का, एवढ्या दोनच गोष्टी तो तपासत होता. त्यातून चार प्रकार निघाले. शोध घेऊन ठाम झालेले. अजून शोधात असलेले. शोध न घेताच घरच्यांनी दिलेले स्वीकारून ठाम झालेले. आणि शोधही नाही, ठामपणाही नाही असे.

तिसऱ्या प्रकाराकडे पाहून आपल्याला आपलेच गाव आठवेल. बापाने औत हातात दिले आणि पोराने धरले, कोणी त्याला विचारले नाही आणि त्यानेही कोणाला विचारले नाही. माझ्या मते याला दोष म्हणायचे कारण नाही. अशीच माणसे कितीतरी शिवारे सांभाळून आहेत. शोधात असलेला मुलगाही आजारी नसतो. तो धडपडतो, चिडतो, भांडतो, पण त्याच्या पायाखाली जमीन असते. काळजी करायची ती चौथ्या प्रकारची, आणि तीही तिच्याबरोबर त्रास असेल तर.

गोंधळाची चार रूपे

व्यक्तिमत्त्व विकाराचे जे प्रकार सांगितले जातात त्यांत 'बॉर्डरलाइन' नावाच्या प्रकारात स्वत्वाचा गोंधळ ठळक दिसतो. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगनिदानाच्या ग्रंथात तो लक्षण म्हणून नोंदला. पण नेमका गोंधळ म्हणजे काय? टेस विल्किन्सन-रायन आणि ड्रू वेस्टन या दोघांनी २००० साली याचा छडा लावायचा चांगला प्रयत्न केला. त्यांनी ३५ खुणांची यादी केली आणि ती रुग्णांकडून न भरवता त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांकडून भरवली. उत्तरांची गणिती छाननी केल्यावर खुणांचे चार गठ्ठे पडले.

पहिला, एकाच भूमिकेत बुडून जाणे. माणूस एखाद्या पंथाचा, पक्षाचा, नेत्याचा किंवा प्रियकराचा होतो तो इतका की त्यापलीकडे त्याचे काही उरतच नाही. भक्ती करणारा माणूस वेगळा. तो वारीला जाऊन येतो आणि परत आपल्या बैलांना वैरण घालतो.

दुसरा, विसंगती. ही बाहेरच्याला दिसते. सकाळी एक तत्त्व, संध्याकाळी त्याच्या उलट, आणि दोन्ही वेळा तितकाच जोर. महत्त्वाचे हे की त्याला स्वतःला त्यात काही वावगे वाटत नाही.

तिसरा, कशालाही न बांधले जाणे. नोकरी, धंदा, मते, मूल्ये, काहीच टिकत नाही.

चौथा मात्र बाहेरून दिसत नाही. आपण एकसंध नाही, आपले तुकडे आहेत, आत पोकळी आहे, ही जाणीव, आणि ती अतिशय दुखते. माणूस आरशात पाहतो आणि त्याला परके वाटते. बॉर्डरलाइन रुग्णांना इतरांपासून वेगळे ओळखण्यासाठी चारही गठ्ठे उपयोगी पडले, पण सर्वांत जास्त हा चौथा. लहानपणी अत्याचार झालेल्यांत यातल्या काही खुणा अधिक दिसल्या. तरी सगळा गोंधळ तेवढ्याने उलगडत नाही, असेही त्या अभ्यासात आढळले. म्हणजे प्रत्येक वेळी आईबापांनी स्वतःला दोष देत बसण्याचे कारण नाही.

वरवर पाहणाऱ्या घरच्या माणसांना पहिले तीन गठ्ठे दिसतात आणि त्यांनाच ते नावे ठेवतात. चौथ्यासाठी विचारावे लागते. म्हणून मोजणी.

मोजतात कसे?

दोन रीती आहेत. एक म्हणजे प्रश्नावली. जेनिफर कॅम्पबेल या कॅनडातल्या संशोधिकेने १९९६ साली सहकाऱ्यांबरोबर फक्त १२ वाक्यांची एक पट्टी केली. वाक्ये साधारण अशा धर्तीची: स्वतःबद्दलची माझी मते बदलत राहतात का, ती एकमेकांशी भांडतात का. प्रत्येक वाक्यापुढे 'अजिबात पटत नाही' पासून 'पूर्ण पटते' पर्यंत पाच पायऱ्या. पायऱ्यांचे गुण मिळवले की स्वतःविषयीचे चित्र किती स्पष्ट आहे याचा आकडा येतो. बारा ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या तज्ज्ञांनी इतरांच्या साह्याने 'आयडा' नावाची ५८ वाक्यांची प्रश्नावली केली, ती २०१२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात दोन गोष्टी पाहतात. काळ बदलला तरी मी तोच राहतो का, हे सातत्य. आणि माझ्यातल्या निरनिराळ्या बाजू एकमेकींना धरून आहेत का, ही सुसंगती.

दुसरी रीत मुलाखतीची, आणि मला ती जास्त पटते. ऑटो कर्नबर्ग हे १९२८ साली व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत नावाजलेले डॉक्टर. त्यांच्या पद्धतीत रुग्णाला सांगतात, "स्वतःचे असे वर्णन करा की मला तुम्ही डोळ्यांसमोर दिसाल." नंतर सांगतात, "आता तुमच्या जवळच्या एका माणसाचे तसेच वर्णन करा." एवढेच. स्वत्व पक्के असलेला माणूस म्हणतो, "माझा बाप तापट, पण पोटात माया, पैशाला चिकट, पण आजारपणात हात आखडला नाही." दोन्ही बाजू एकाच माणसात मावतात. ज्याचे स्वत्व विखुरले आहे तो म्हणतो, "बाप वाईट." "म्हणजे कसा?" "वाईटच." आणि अर्ध्या तासाने, "बापासारखा देवमाणूस नाही." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ना बाप उभा राहतो, ना बोलणारा. हे ऐकून तज्ज्ञ ठरावीक कसोट्यांवर गुण देतो. पुढे याच विचारावर प्रश्नांचा क्रम बांधलेल्या मुलाखती तयार झाल्या, म्हणजे दोन निरनिराळ्या डॉक्टरांनी घेतल्या तरी निष्कर्षात फार फरक पडू नये.

सरकारी दवाखान्यातल्या कागदावर जे दिसते त्यातही बदल होत आहे. अमेरिकन संघटनेने २०१३ साली आपल्या ग्रंथाच्या वेगळ्या भागात एक पर्यायी पद्धत दिली. तिच्यात स्वत्व, आयुष्याची दिशा, दुसऱ्याचे मन जाणणे आणि जवळीक या चार बाबी पाहून शून्य ते चार अशी पायरी ठरवतात. शून्य म्हणजे ठीक, चार म्हणजे अतिशय बिघडलेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तिने व्यक्तिमत्त्व विकाराची जुनी नावे बहुतेक काढून टाकली आणि सौम्य, मध्यम, तीव्र अशी प्रत ठरवायला सांगितले. ती ठरवताना स्वत्वाचा प्रश्न आघाडीवर असतो, आणि त्रास साधारण दोन वर्षे किंवा अधिक टिकलेला हवा. हा बदल मला चांगला वाटतो. नावाचा शिक्का जन्मभर चिकटतो. प्रत कमी होऊ शकते.

आकडा कधी खरा धरावा?

माती परीक्षणाचे तुम्हाला ठाऊक आहे. शेताच्या आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा वीस-पंचवीस सेंटिमीटरचा खड्डा घेऊन माती गोळा करतो, एकत्र करतो, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत जातो आणि अर्धा किलो उरली की पिशवीत भरतो. बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याजवळ नमुना घेत नाही; नुकतेच खत टाकलेल्या रानात तर नाहीच. का? कारण प्रयोगशाळा पिशवीतल्या मातीचा सामू बिनचूक सांगेल, पण ती माती तुमच्या शेताची साक्ष देणारी नसेल तर त्या बिनचूकपणाचा उपयोग काय?

मनाच्या मोजणीचेही तेच. कालच घरात भांडण झाले, प्रेमभंग झाला, कर्जाची नोटीस आली, अशा दिवशी भरलेली प्रश्नावली म्हणजे नुकतेच खत टाकलेल्या रानातला नमुना. दारू उतरलेली नसताना भरलेली तर उकिरड्याजवळचा. औदासीन्याचा आजार असेल तर माणसाला तेवढ्यापुरते स्वतःबद्दल सगळेच धूसर दिसते आणि आकडा फुगतो. म्हणून तज्ज्ञ आधी तो आजार आहे का ते पाहतात. आणि एका जागचा नमुना पुरत नाही तसे एकट्या रुग्णाचे उत्तरही पुरत नाही. त्याच्या परवानगीने घरच्यांना, कधी मित्राला विचारावे लागते.

पट्टीचीही परीक्षा असते. एकाच गोष्टीवर फिरवून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, याचा शून्य ते एक असा आकडा काढतात; तो साधारण ०.७० च्या वर असला तर पट्टी चालण्याजोगी मानतात. पण तेवढ्याने भागत नाही. आडत्याच्या काट्याखाली दगड चिकटलेला असेल तर दहा वेळा घातले तरी पोते तेवढेच भरेल, आणि दहाही वेळा चुकीचे. पट्टी जे मोजायचे म्हणते तेच मोजते का, ही खरी कसोटी.

आपल्याकडे ही कसोटी अधिकच कडक लावायला हवी. १९५४ साली अमेरिकेत कून आणि मॅकपार्टलंड यांनी एक सोपी चाचणी काढली होती: 'मी कोण?' याची वीस उत्तरे लिहा. आपल्या गावातला माणूस काय लिहील? अमक्याचा मुलगा, तमक्या गावचा, माळकरी, दोन लेकरांचा बाप. 'मी स्वतंत्र विचाराचा', 'मी विनोदी' हे पुढे कधी तरी येईल, किंवा येणारही नाही. यावरून त्याचे स्वत्व कच्चे ठरवणे म्हणजे काळ्या रानाला लाल रानाची पट्टी लावणे. सुनांचे तर विचारूच नका. कित्येक घरांत लग्नात नावसुद्धा बदलतात. माहेरी मोकळी हसणारी मुलगी सासरी डोक्यावर पदर घेऊन मोजके बोलते. 'निरनिराळ्या ठिकाणी मी निराळी माणूस असते' या वाक्यापुढे ती 'पूर्ण पटते' अशी खूण करील, आणि तिला आजाराचा गुण मिळेल! वास्तविक तिला दोन्ही घरांत आपण कोण हे चांगले ठाऊक असते. म्हणून नुसते भाषांतर चालत नाही. एकाने मराठी करायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने त्याचे परत इंग्रजी करायचे, दोन्ही ताडून पाहायचे, आणि मग इथल्याच निरोगी व आजारी माणसांवर ती पट्टी चालवून बघायची, असा शिरस्ता आहे. तो पाळलेला नसेल तर आलेल्या आकड्यावर विसंबू नये.

मोबाइलवर 'दहा प्रश्नांत ओळखा तुमचे व्यक्तिमत्त्व' असले काही येते, त्याला तर हातही लावू नका. मुले ते भरतात आणि स्वतःला रोगाचे नाव चिकटवून घेतात.

घरच्यांनी काय करावे?

जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागात जा. जायला संकोच वाटत असेल तर १४४१६ हा 'टेली मानस'चा सरकारी क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतूनही बोलता येते. जाताना विशेषणे नेऊ नका, नोंदी न्या. 'हट्टी आहे' याने डॉक्टरला काही कळत नाही. कोणत्या वयापासून, कोणत्या महिन्यात काय सोडले, कोणाशी तुटले, झोप कशी, अंगावर ब्लेडचे वण आहेत का, मधले बरे दिवस किती होते, हे वहीच्या एका पानावर लिहून न्या. अठराच्या आतल्या मुलाबाबत डॉक्टर नाव द्यायला वेळ घेतील; घाई करू नका. आणि तोवर लग्न ठरवू नका.

या आजारात जिवाला धोका असतो, म्हणून फवारणीची औषधे कुलपात ठेवा आणि किल्ली एकाच भरवशाच्या माणसाकडे द्या. अर्धी उरलेली बाटली गोठ्याच्या वळचणीला खोचून ठेवण्याची आपली सवय किती घरांना भोवली, ते तुम्हाला मी सांगायला नको. कोणी तसा प्रयत्न केला तर पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसावर तीव्र ताण होता असे गृहीत धरायला सांगितले आहे, आणि त्याला उपचार देणे ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे.

उपचार मुख्यतः बोलण्याचे असतात, आठवड्याच्या आठवड्याला, पुष्कळदा वर्षभर किंवा अधिक. मार्शा लिनेहन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी बॉर्डरलाइन रुग्णांसाठी बसवलेल्या उपचाराचा पडताळा १९९१ साली प्रसिद्ध झाला. आणि २०११ साली त्यांनी जाहीर केले की तरुणपणी आपण स्वतः अशाच आजारातून गेलो होतो. अमेरिकेतच मेरी झानारिनी यांनी २९० रुग्णांवर दहा वर्षे नजर ठेवली. त्यांपैकी ९३ टक्क्यांची लक्षणे किमान दोन वर्षांपुरती तरी ओसरली. मात्र सगळे पुरते सावरले, कामाधंद्याला आणि नात्यागोत्याला लागले, असे नाही. ते प्रमाण निम्मेच होते.

म्हणून उपचार सुरू झाल्यावर डॉक्टरांना विचारा की तीच प्रश्नावली पुन्हा केव्हा भरायची. पहिला आकडा आणि काही महिन्यांनंतरचा आकडा शेजारी ठेवले म्हणजे उपचार लागू पडतो की बदलायला हवा, ते दिसते. अंगाला इजा करून घेणे सहसा आधी थांबते. रिकामेपणा आणि राग मागाहून, हळूहळू उतरतो, तेव्हा सहा महिन्यांत पोरगा पूर्ण बदललेला दिसला नाही म्हणून फेऱ्या बंद करू नका. त्याच कायद्याप्रमाणे रुग्णाला आपले कागद पाहण्याचा हक्क आहे, आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. तेव्हा फाइल घरी आणाल तर ती मुलाच्याच ट्रंकेत ठेवा. बैठकीच्या फळीवर, आल्यागेल्याच्या हाताला लागेल अशी ठेवू नका.